सहा ओळींचा फरक

१. फाटकापाशी

नवरा फाटकापाशी आला तेव्हा त्याच्या हातात मुलीची बाहुली होती. पहारेकरीणबाईंना तो अगदी गोड आवाजात म्हणाला की लेकीची फार आठवण येते हो, पाच मिनिटं भेटू द्या.

आता गंमत अशी, गंमत कसली डोंबलाची, की त्या घरात कोण राहतं हे बाहेर कुणालाच ठाऊक नसतं. दारावर पाटी आहे शिवणवर्गाची. आत राहतात त्या जिवावर बेतलं म्हणून घर सोडून आलेल्या बायका, मुलाबाळांसकट. त्यांच्यातलीच एक ही शाळामास्तरीण. ती इथं आहे हे नवऱ्याला कळणं म्हणजे मांजराला पिंजऱ्याची किल्ली मिळणं.

पहारेकरीणबाईंनी फाटक काही उघडलं नाही. नवऱ्यानं बाहुली गजात अडकवली आणि पुन्हा येईन म्हणून सांगून तो गेला. मास्तरीणबाई खिडकीतून सगळं बघत होत्या. कपाटातले कपडे काढून त्यांनी पिशवीत भरले, पिशवी मांडीवर घेतली आणि दाराकडे तोंड करून बसल्या. तेव्हापासून ती पिशवी त्यांनी कधी हातावेगळी केली नाही.

घर चालवणारी मावशी घाबरणाऱ्यातली नाही, पण त्या दुपारी तिनं फाटकाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. मास्तरीणबाईंचा ठावठिकाणा तिनं एकाच जागी लिहिला होता, वकिलीणबाईंना पाठवलेल्या एका ईमेलमध्ये. आणि तो ईमेल कुठल्या परक्या कंपनीच्या हातून गेला नव्हता. मागच्या खोलीत घराचा स्वतःचा सर्व्हर आहे. मावशीची टपालपेटी त्यावर, वकिलीणबाईंची पेटीही त्यावरच, आणि वकिलीणबाईंनी तो वाचला होता तोही याच खोलीत बसून. म्हणजे पत्र उंबरठ्याबाहेर पडायचं कारणच नव्हतं.

तो सर्व्हर बसवून देणाऱ्या मुलीनं मावशीला शब्द दिला होता की या मशीनमधून मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही. मावशीनं त्या मुलीला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "तुझी मुंगी गेली बघ बाहेर."

२. मूळ सोज्वळ, माल चोरटा

त्या मुलीला सगळे गाळणी म्हणतात. मुलगी कसली, चांगली पस्तिशीची बाई आहे, पण मावशीनं तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. तिची आई याच घरात बायकांना शिवण शिकवायची, त्यामुळे दारावरची पाटी अगदीच थाप नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली. गाळणीनं हा सर्व्हर फुकट बसवून दिला तो आईच्या पाठीमागे या घराशी काहीतरी नातं राहावं म्हणून.

सर्व्हरवर चालतो तो 'निरोप्या', म्हणजे ईमेल पोचवणारा प्रोग्राम. हा निरोप्या चार माणसांनी मिळून लिहिला आणि जगाला फुकट देऊन टाकला. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसांच्या हातचं मूळ लिखाण, कुणीही उघडून वाचावं, आपल्या मशीनवर उतरवून घ्यावं, तिथंच बांधावं आणि बसवावं. बांधणं म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या मजकुरातून मशीनला चालवता येईल असा माल तयार करणं. दुसऱ्यानं बांधलेला आयता माल डोळे झाकून घ्यायचा नाही, ही या मंडळींची शिस्त. आणि मूळ लिखाणात एकही ओळ गाळणीनं वाचल्याखेरीज शिरत नाही. म्हणून तर ते नाव. ते ठेवलं तिच्या मामानं.

मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ. निरोप्याची पहिली ओळ त्याची. बापाविना वाढणाऱ्या भाचीला खुर्चीवर दोन उशा ठेवून कीबोर्डपुढं बसवणाराही तोच. कुठंही निरोप्या नीट बांधून झाला की गाळणी मामाला एक शब्द पाठवते, 'बांधला'. मामाचं उत्तरही ठरलेलं, 'शाबास'. मावशीच्या घरात बसवला तेव्हाही हेच झालं होतं, आणि त्या 'शाबास'वर ती आठवडाभर खूश होती.

फोन आला तशी गाळणी धावत आली आणि मागच्या खोलीत ठाण मांडून बसली. तिनं निरोप्याचं मूळ पुन्हा पहिल्यापासून वाचलं. धुतल्या तांदळासारखं स्वच्छ. स्वतःच्या मशीनवर ते बांधून त्यातून चारदोन पत्रं पाठवून बघितली, एकही फुटलं नाही. मग मावशीच्या मशीनमधून काय काय बाहेर पडतं त्यावर नजर ठेवली आणि तिथं चोरी सापडली. मावशी पत्र लिहायची, आणि त्याची एक नक्कल गुपचूप कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर चालती व्हायची. निरोप्या तोच, आवृत्ती तीच. तिच्या घरी साधू आणि इथं भामटा!

मावशीनं मास्तरीणबाईंसाठी दुसरी जागा बघून ठेवली होती. पण जागा बदलली की ती वकिलीणबाईंना कळवायची, डॉक्टरला कळवायची, मुलीच्या शाळेला कळवायची. मावशी म्हणाली की ज्या दगडाची ठेच लागली त्यावरच पुन्हा पाय ठेवू का? दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हीच बसवलाय ना हा? मग कधी सांगाल, कुणी केलं ते?" गाळणी पुन्हा पडद्याकडं वळली.

३. न आलेली ओळ

वाट दाखवली ती मावशीच्या वैतागानं. ती म्हणाली की बाई गं, तुझ्या मशीनवर नीट होतं तर तुझं मशीन इथं आण आणि दोन्हींवर एकदम बांधून बघ, कुठं धागा तुटतो ते दिसेल. गाळणीला हे सुचलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

दोन्ही मशीन शेजारी ठेवून तिनं बांधणी सुरू केली. बांधताना पडद्यावर ओळी सरकत जातात, ही फाईल झाली, ती फाईल झाली. कुणी त्या वाचत नाही. गाळणी दोन्हींकडे टक लावून बघत होती आणि मध्येच ती जागेवरून उठली. तिच्या मशीनवर एक ओळ आली होती, 'व्याकरणावरून वाचक तयार करत आहे.' मावशीच्या मशीनवर ती ओळ आलीच नाही.

आलेलं पत्र कुणाचं, कुणाला, कुठं जायचं हे निरोप्याला समजावं लागतं. त्याचे नियम माणसांनी एका फायलीत लिहिलेत, तिचं नाव 'व्याकरण'. ते नियम वाचून एक छोटं साधन आपोआप एक भलीमोठी फाईल लिहून काढतं, तिचं नाव 'वाचक'. ती इतकी किचकट की वाचणाऱ्याला भोवळ यावी, आणि तिच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की ही मशीननं लिहिली आहे, हात लावू नये. आता सामान्य लोकांच्या मशीनवर ते साधन नसतं. म्हणून निरोप्याचं सगळं मूळ एकत्र बांधून जे गाठोडं लोकांना उतरवायला ठेवलं जातं, त्यात सोयीसाठी आयता वाचक घालून देतात. बांधणीची व्यवस्था बघते की वाचक व्याकरणापेक्षा नवा आहे, म्हणजे झालंच की काम, आणि पुढं सरकते.

गाळणी स्वतः कधी गाठोडं घेत नाही. ती चौघांच्या सामाईक कोठारातून घेते, आणि तिथं आयता वाचक नसतोच. म्हणून तिच्या मशीनवर तो दर वेळी ताजा तयार होतो. मावशीच्या मशीनवर मात्र तिनं सोयीचं म्हणून गाठोडंच उतरवलं होतं. माणसांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर गाळणाऱ्या या बाईनं मशीननं लिहिलेलं म्हणून एवढं एकच कधी गाळलं नव्हतं.

तिनं तो वाचक उघडला आणि दुपारभर वाचला. साधनाची एक रीत असते. प्रत्येक तुकडा लिहिताना ते वर नोंदवतं की हा तुकडा व्याकरणाच्या अमुक ओळीतून जन्मला. प्रत्येकाला आईबाप असतात म्हणा ना. मधोमध एक तुकडा होता बिनआईबापाचा. एका ठरावीक खुणेचं पत्र बाहेरून आलं की त्या घराचं सगळं टपाल नक्कल करून धाडायचं, एवढंच त्याचं काम.

मशीन चुकतं, पण मशीन दगा देत नाही. हा तुकडा माणसाच्या हातचा होता. गाठोडं तयार होतं ते एका सामाईक खात्यात, आणि तिच्याखेरीज त्या खात्याची किल्ली निरोप्या लिहिणाऱ्या बाकी तिघांकडंच होती, सुतार, पोस्टमास्तर आणि मामा. तिघांच्याही घरी ती हक्कानं जेवली होती.

४. मामाचा चहा

घाव बसला की माणूस आधी घरचं दार गाठतं. गाळणी मामाकडं गेली.

मामाच्या खोलीत बदल एकच होता, उंच पाठीची नवी खुर्ची. कुठल्याशा सुरक्षा कंपनीनं त्याला सल्लागार नेमलं होतं, तिथली पोरं 'सर, सर' करतात म्हणून तो हसत सांगत होता. बाकी खोली तीच. कोपऱ्यात आईचं शिवणयंत्र, आणि त्याच्या पाटावर मामाचं जुनं मशीन. त्या मशीनला इंटरनेटची तार तो कधी लावत नाही. त्यावर त्याची निरोप्याची खासगी प्रत असते.

गाळणीनं मावशीच्या घरातून पत्र फुटल्याचं सांगितलं, वाचकाचं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं. मामानं चहा केला, पाठीवर हात ठेवला. गाठोड्यावर शिक्का मामाचा असतो म्हणून तिनं विचारलं की शिक्का मारताना तू आत बघितलं नव्हतंस का? मामा म्हणाला की शिक्का वाटेत कुणी गाठोडं सोडू नये एवढ्यासाठी असतो, आत काय आहे ते बघायला तू होतीस. बोलला अगदी मायेनं, पण ते तिला लागलं. मग म्हणाला की पोस्टमास्तर हल्ली फोन उचलत नाही, अडचणीतला माणूस वाकतो, जरा जपून विचार.

निघताना तो म्हणाला, "आईला बघून जातेस?" आणि त्यानं जुन्या मशीनवर व्याकरणाची फाईल उघडली. बहीण गेली त्या आठवड्यात त्यानं आपल्या प्रतीत, अगदी माथ्यावर, सहा ओळी लिहिल्या होत्या. मशीन अशा ओळी ओलांडून पुढं जातं, त्या फक्त माणसासाठी असतात. उसवलं तर रागावू नये, पुन्हा टाका घालावा, असं शिकवणाऱ्या बहिणीसाठी त्या होत्या. हे बाहेर कधी पाठवत नाही, मामा म्हणाला, हे आपलं घरचं.

गाळणी जिना उतरली ती निम्मं ओझं उतरवून. तिघांतला एक तर कमी झाला, असं तिनं मनाशी म्हटलं.

५. सुतार आणि पोस्टमास्तर

सुतार हा काही खरा सुतार नव्हे. बांधणीची व्यवस्था त्याची, ठोकठाक त्याची, म्हणून सुतार. पोटापाण्याला तो तंत्रशाळेत शिकवतो. मध्यंतरी भांडून तो निरोप्यातून बाहेर पडला होता, आणि रागावलेला माणूस काय करील नेम नाही, म्हणून गाळणी त्याच्याकडं जरा ताठ्यातच गेली.

त्यानं फळा पुसता पुसता तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की भांडण कशावरून झालं ते विसरलीस काय? आयता वाचक गाठोड्यात घालणं बंद करा, ज्याचं त्याला साधन घेऊन बनवू द्या, असं तो बापडा घसा कोरडा करून सांगत होता. मामा म्हणाला होता की लोकांची सोय बघ, तुझा हट्ट बाजूला ठेव. "आणि तू मामाची बाजू घेतलीस," सुतार म्हणाला. "साप साप म्हणून भुई धोपटतोय असं मला म्हणालीस." ती तसं म्हणाली होती खरी. गाठोडं गेलं वर्षभर पोस्टमास्तरच बांधतोय, एवढं सांगून तो वर्गावर निघून गेला.

पोस्टमास्तर सापडला तो इस्पितळाच्या बाकावर. निरोप्याची गाठोडी लोकांपर्यंत पोचवणं हे त्याचं काम, आणि तो फोन का उचलत नव्हता ते समोरच्या दारामागं होतं. बायको अंथरुणाला खिळली होती. गाळणीनं विचारलं तशी तो घाईनं म्हणाला की हो, मीच बांधली सगळी गाठोडी, आणखी कोण बांधणार? पण डोळे चुकवले.

तिनं त्याला मास्तरीणबाईंबद्दल सांगितलं. मांडीवरच्या पिशवीबद्दल सांगितलं. तेव्हा पोस्टमास्तरनं कबूल केलं की वर्षभरात त्यानं एकही गाठोडं बांधलेलं नाही. दर वेळी बांधायला बसावं तर सामाईक खात्यात ते आधीच तयार असायचं. सुतारानं त्याची अडचण ओळखून गुपचूप केलं असेल, असं त्यानं धरून चाललं होतं. आणि सुतार समजत होता की पोस्टमास्तर करतोय. गाळणी चिडून म्हणाली की कुणी केलं एवढं तरी विचारायचंस.

"विचारलं असतं तर मलाच करावं लागलं असतं गं," पोस्टमास्तर म्हणाला.

त्याच्यावर रागवायलाही तिच्यात त्राण उरलं नाही. खातं सामाईक, किल्ली तिघांकडं, कुणाचं बोट कुठं लागलं ते कळायचा मार्ग नाही. दोघांचं म्हणणं खरं वाटत होतं. आणि दोघंही खरे असतील तर उरतं कोण, हा विचार मनात आला तसा तिनं तो झटकून टाकला.

६. आईबाप

मागच्या खोलीत येऊन ती पुन्हा वाचकापुढं बसली. बिनआईबापाचा तुकडा काही बोलायला तयार नव्हता. तो घालणाऱ्यानं मागं ताकास तूर लागू दिली नव्हती. शेजारी मावशी कुणाच्यातरी फाटक्या परकराला टाके घालत होती. तिनं सहज विचारलं की एकाला आईबाप नाहीत म्हणतेस, पण बाकीच्यांचे आईबाप खरे आहेत ते तपासलंस का?

नव्हतं तपासलं. गाळणीनं पहिला तुकडा घेतला, त्याच्या माथ्यावरचा ओळीचा आकडा बघितला आणि व्याकरणात त्या ओळीवर गेली. तिथं त्याचं कुणीच नव्हतं. त्याची खरी ओळ होती सहा ओळी वर. दुसरा घेतला, तोही सहा ओळींनी चुकलेला. मधला घेतला, शेवटचा घेतला. सगळे सहा ओळींनी चुकलेले, एकही इकडं ना तिकडं.

ती हळूहळू विचार करू लागली. ज्या व्याकरणावरून हा वाचक तयार झाला त्यात सहा ओळी जास्त होत्या. त्या मध्ये कुठं असत्या तर वरचे तुकडे बरोबर जुळले असते आणि खालचे चुकले असते. सगळेच चुकलेत, म्हणजे त्या ओळी अगदी माथ्यावर. जुन्या कुठल्या आवृत्तीत असतील म्हणून तिनं कोठारातल्या साऱ्या आवृत्त्या धुंडाळल्या. जगाला दिलेल्या कुठल्याच व्याकरणात तशा ओळी कधी नव्हत्या. मशीन अशा ओळी वाचकात उतरवत नाही, ओलांडून जातं. पण मोजतं. ओलांडलेल्या ओळीही मोजतं.

गाठोडं बनवणाऱ्यानं त्यात व्याकरण घातलं ते कोठारातलं स्वच्छ, सर्वांचं. वाचक मात्र बनवला आपल्या खासगी प्रतीवरून, सवयीनं. जिच्या माथ्यावर सहा ओळी होत्या. आणि ती प्रत ज्या मशीनवर होती त्याला कधी तार लागत नव्हती, दुसऱ्या कुणाचा हात तिथं पोचत नव्हता.

गाळणीनं पुन्हा मोजून बघितलं. आकडा बदलावा म्हणून मोजत होती, खरं सांगायचं तर. मावशीनं दोरा तोडत विचारलं की सापडला का कुणी? गाळणीनं चपला पायांत सरकवल्या आणि निघाली.

७. शाबास

मामा नव्या खुर्चीत बसला होता. बस म्हणाला. ती बसली नाही.

"मामा, वाचकातले सगळे आकडे सहा ओळींनी पुढं आहेत," ती म्हणाली.

समजायला त्याला वेळ लागला नाही. तिला हे सगळं शिकवणारा तोच. तो शिवणयंत्राकडं बघत राहिला, आणि त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला.

मग तो बोलत सुटला. वीस वर्षं फुकट राबलो, जगभर निरोप्या चालतो, आणि माझं नाव एका माणसाला माहीत नाही. त्या कंपनीनं पहिल्यांदा मला खुर्ची दिली, पहिल्यांदा सर म्हणून हाक मारली. गुन्हेगार पकडायला निरोप्यात एक चोरदार हवं म्हणाले. वाईट माणसांसाठीच होतं ते. किल्ल्या ते कुणालाही विकतील, बायकोच्या शोधात फिरणाऱ्या कुणा नवऱ्याच्या हाती देतील, हे मला काय ठाऊक? गाठोडं बांधायला पोस्टमास्तरला वेळ नव्हता, सुतार तर निघूनच गेला. तो सांगत होता आणि गाळणी ऐकत होती. ज्यानं बोट धरून चालवलं त्यानंच केसानं गळा कापला, आणि वर कापताना पोस्टमास्तरकडं बोट दाखवलं.

"एकच सांग," ती म्हणाली. "घरात बसवून मी तुला 'बांधला' म्हणून कळवलं, तेव्हा दार होतं त्यात?"

मामानं खुर्ची भिंतीकडं वळवली.

"आई जिथं शिकवायची ते घर. तुला माहीत होतं कुठं बसवतेय ते. होतं का दार?"

"होतं," मामा म्हणाला.

"आणि तू शाबास म्हणालास."

कुंपणानं शेत खाल्लं की शेतानं दाद मागायची कुणाकडं? गाळणीनं सांगितलं की आजच निरोप्या वापरणाऱ्या सगळ्यांना जाहीर सूचना जाईल, काय झालं, कसं झालं आणि कुणी केलं. शिक्का मारण्याचा त्याचा हक्क संपला. आणि वकिलीणबाई पोलिसांत जातील तेव्हा त्या कंपनीबद्दल त्यानं स्वतः जाऊन सांगावं. तो उठून जवळ आला, तिचा हात धरायला गेला आणि मग धरला नाही.

"कंपनीचं सांगतो. सगळं सांगतो. माझं नाव तेवढं घालू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या आईसाठी तरी."

"नाव आईनंच सांगितलंय, मामा," गाळणी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात मात्र ती मधल्याच पायरीवर बसली आणि पदराआड तोंड धरून रडली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा शेजारी मामा होता.

८. बांधला

सूचना गेली. सुतार काही न बोलता परत आला आणि आयता वाचक घालायची पद्धत त्यानं कायमची मोडून काढली. गाळणीनं स्वतःच्या हातानं एकच बदल केला. त्या सहा ओळी तिला पाठ होत्या. त्या तिनं सर्वांच्या व्याकरणात, माथ्यावर, घातल्या. एका माणसाच्या घरात कोंडून ठेवायला आई काही त्याच्या एकट्याची नव्हती. आता ज्याच्या त्याच्या प्रतीत त्या असतील आणि सगळ्यांचे आकडे जुळतील.

मग ती मावशीच्या मागच्या खोलीत निरोप्या नव्यानं बांधायला बसली. मास्तरीणबाई पाठीशी येऊन उभ्या राहिल्या, पिशवी खांद्याला. पडद्यावर ओळी सरकत होत्या. 'व्याकरणावरून वाचक तयार करत आहे' ही ओळ आली तशी गाळणीनं ती त्यांना बोटानं दाखवली.

"म्हणजे आता कुणी वाचणार नाही ना आमची पत्रं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मागं हाच प्रश्न मावशीनं विचारला होता तेव्हा गाळणीनं क्षणाचा विलंब न लावता मुंगीची शपथ घेतली होती. आता तिनं सांगितलं की डोळ्यांना दिसतं तेवढं सगळं मी बघितलंय, मशीननं लिहिलेलंसुद्धा. तरी नवी जागा यावर लिहू नका. मावशी स्वतः जाऊन वकिलीणबाईंच्या आणि शाळेतल्या बाईंच्या कानात सांगेल.

दगा खाल्लेलं माणूस दगा खाल्लेल्याला ओळखतं. "तुमचाही विश्वास उडाला म्हणायचा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सॉफ्टवेअरवरचा नाही," गाळणी म्हणाली.

मास्तरीणबाईंनी मुलीचा हात धरला, मागच्या दारानं मावशीच्या बहिणीच्या गाडीत बसल्या आणि गेल्या. कुठं ते गाळणीलाही ठाऊक नव्हतं, आणि तिनं ते विचारलं नाही. बाहुली पहारेकरीणबाईंच्या टेबलाखाली पडून होती. ती नको असं मुलीनंच सांगितलं होतं.

बांधणी पुरी झाली. शेवटची ओळ नीट आली. सवयीनं गाळणीचा अंगठा फोनवर गेला आणि 'बांधला' हा शब्द लिहूनही झाला. मग तो कुणाला पाठवायचा ते शोधत ती बराच वेळ बसली. शेवटी तिनं तो मावशीला पाठवला, शेजारच्या खोलीत.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून मावशीचा आवाज आला, "काय गं, कुणाला बांधला?"

"काही नाही मावशी, असंच," गाळणी म्हणाली. यावर शाबास म्हणायचं असतं हे मावशीला कुणी सांगितलेलंच नव्हतं.